दमा असलेल्या मुलाची गादी: माइटरोधक खोळ आणि तिच्याभोवतीचा बाजार

मुलाचा दमा धुळीने उसळतो असं कळलं की घरात पहिली वस्तू येते ती एअर प्युरिफायर. कोपऱ्यात दिवा लुकलुकतो, आकडा हिरवा होतो, आणि मूल मात्र पहाटे खोकतच राहतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. घरातल्या धुळीतला दम्याला सर्वाधिक भोवणारा भाग हवेत तरंगत नसतो. तो गादीत, उशीत आणि पांघरुणात असतो, आणि मूल रोज आठ-दहा तास त्यात तोंड खुपसून झोपतं. म्हणून या परीक्षणात सगळ्यात जास्त जागा गादीच्या खोळीला दिली आहे. बाकीची यंत्रं तिच्यामागून येतील.

आधी शत्रू ओळखू. धुळीतला माइट हा ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा, कोळ्याच्या कुळातला जीव आहे. तो चावत नाही आणि रोगही पसरवत नाही. आपल्या अंगावरून झडणारी कातडीची पापुद्री खातो आणि दिवसाला साधारण वीस लेंड्या टाकतो. त्रास होतो तो या लेंड्यांचा. माइटच्या पचनातलं एक प्रथिन, ज्याला डेर पी १ म्हणतात, त्यांत भरलेलं असतं आणि ते श्वासनलिकेच्या अस्तराला डिवचतं. लेंडी १० ते ४० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे हवेच्या मानाने जड. चादर झटकली की ती उडते आणि वीस-तीस मिनिटांत खाली बसते. हा एक आकडा लक्षात ठेवला तर बाजारातल्या निम्म्या जाहिराती आपोआप बाद होतात.

एक अट मात्र आधीच सांगायला हवी. मुलाला खरोखर माइटची अॅलर्जी आहे का, हे त्वचेवरच्या प्रिक चाचणीने किंवा रक्तातल्या विशिष्ट आयजीईच्या, म्हणजे अॅलर्जीच्या प्रतिपिंडांच्या, तपासणीने कळतं. अॅलर्जी मांजराची, झुरळांची किंवा भिंतीवरच्या बुरशीची निघाली, तर खाली ज्याची स्तुती आहे त्यातलं बरंचसं त्या मुलाच्या कामाचं नाही.

खोळ

दुकानात ‘मॅट्रेस प्रोटेक्टर’ नावाने जे मिळतं त्यातलं बहुतेक इथे चालत नाही. कोपऱ्यांना इलॅस्टिक लावून वरून ताणून बसवायची चादर गादीला डागांपासून वाचवते, माइटपासून नाही, कारण खालची बाजू उघडीच राहते. मूल गादीवर उडी मारतं तेव्हा आतली हवा त्याच वाटेने लेंड्या घेऊन बाहेर पडते. हवी असते ती गादीला सहाही बाजूंनी बंद करणारी, चेन लावलेली पिशवी. पाकिटावर ‘एनकेसमेंट’ किंवा ‘झिपर्ड’ असं लिहिलेलं असेल तर पुढची चौकशी करावी.

पुढची चौकशी कापडाच्या छिद्रांची. छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान असली की माइटचं प्रथिन अडतं. मांजराची अॅलर्जीही असेल तर ६ मायक्रॉनच्या खालचं कापड बघावं, कारण मांजराचे कण बारीक असतात. विक्रेत्याला हा आकडा सांगता येत नसेल आणि तो ‘अँटी-बॅक्टेरियल’, ‘हायपोअॅलर्जेनिक’ असे शब्द फेकत असेल, तर ती खोळ तिथेच ठेवावी. ‘हायपोअॅलर्जेनिक’ या शब्दाने छिद्राचा आकार कळत नाही. धाग्यांची संख्या मोठी असणं हीसुद्धा खात्री नव्हे. मऊ, दाट साटीनची चादरही माइटच्या लेंड्यांना सहज वाट देऊ शकते.

कापडाचे प्रकार चार, पण निवड खरी दोघांतच आहे. साधं प्लॅस्टिक अडवतं उत्तम, पण घाम धरतं, कुरकुरतं आणि काही महिन्यांत घडीवर तडकतं. न विणलेलं, दाबून केलेलं कापड, म्हणजे कागदासारखं दिसणारं, हलकं आणि स्वस्त असतं. त्याच्या तंतूंच्या जाळ्यात पापुद्री आणि लेंड्या अडकून बसतात, आणि माइट त्या जाळ्यातच बिऱ्हाड करतात. अडवायला आणलेली वस्तूच वारूळ होते. हे घेऊ नये.

उरले दोन: पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं कापड आणि घट्ट विणीचं मायक्रोफायबर. पापुद्र्याचं कापड पाणीही अडवतं, त्यामुळे रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या लहान मुलासाठी गादीला तेच बरं. त्यातून हवा मात्र जवळपास जात नाही. उशीला ते लावलं तर डोकं टेकताच उशी फुग्यासारखी फुगून राहते, मग चेनेतून फुस्स करत बसते, आणि ती हवा नेमकी मुलाच्या नाकापाशी सुटते. म्हणून उशीला घट्ट विणीचं कापडच घ्यावं. ओळखायची सोपी रीत अशी: कापड ओठांवर धरून फुंकर मारा. हवा अजिबात गेली नाही तर ते पापुद्र्याचं. थोडा जोर लावल्यावर गेली तर विणीचं. अगदी सहज गेली तर त्या कापडाचा उपयोग नाही.

खोळीचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे चेन. चेनेच्या दातांमधली फट कापडाच्या छिद्रांच्या कितीतरी पट मोठी असते. चांगल्या खोळीत चेनेच्या आतून कापडाची पट्टी शिवलेली असते आणि चेन जिथे संपते तिथे रनर झाकणारा खिसा असतो. तो नसेल तर चेन लावल्यावर तिच्या टोकावर पाचेक सेंटिमीटर कापडी चिकटपट्टी लावावी. शिवणीही बघाव्यात. सुईच्या भोकांची रांग उजेडासमोर धरल्यावर चाळणीसारखी दिसत असेल तर कापड कितीही भारी असलं तरी उपयोग थोडाच.

माप घेताना लांबी-रुंदीपेक्षा जाडी चुकते. गादीची जाडी मधे मोजू नका. कडेला, शिवणीच्या उंचवट्यासकट मोजा आणि एक-दोन सेंटिमीटर जास्त धरा. खोळ तंग झाली तर पहिल्याच महिन्यात कोपऱ्यात चेन उसवते. फार सैल झाली तर खाली घड्या पडून टोचतात, आणि अगदी तान्ह्या मुलाच्या बाबतीत सैल, न चिकटलेलं कापड धोक्याचंही आहे. तीन बाजूंना चेन असलेली खोळ घेतली तर ती पेटीसारखी पूर्ण उघडून गादी वर ठेवता येते. एकाच बाजूला चेन असलेली चढवायला दोन मोठी माणसं लागतात आणि ओढाताणीत शिवण सुटते. चढवण्याआधी गादी व्हॅक्युमने नीट ओढून घ्या आणि पूर्ण कोरडी करा. दमट गादी बंद केली तर आत बुरशी धरते. हे सगळं चालू असताना मूल घरात दुसरीकडे असावं.

इथे बहुतेकांची मोठी चूक होते. खोळ घातली म्हणजे काम झालं असं समजून चादर धुणं सैल पडतं. खोळ गादीतला जुना साठा कोंडते. वर मात्र रोज नवी पापुद्री पडतच असते, आणि महिना-दोन महिन्यांत चादरीत नवी वसाहत उभी राहते. दर आठवड्याला चादर आणि अभ्रा बदलताना खोळ ओल्या फडक्याने पुसायची. खोळ स्वतः मात्र वारंवार धुवायची नाही. दर तीन-चार महिन्यांनी पुरते. पापुद्र्याची खोळ ब्लीच, इस्त्री आणि ड्रायरची कडक उष्णता सोसत नाही. पापुद्रा फुगून सुटतो आणि मग ती नुसती चादर उरते. सावलीत वाळवावी, आणि वाळल्यावर आतून उजेडाकडे धरून टाचणीएवढी भोकं पडली आहेत का ते बघावं.

आणखी एक कसर राहून जाते ती शेजारच्या बिछान्याची. मूल भावंडाच्या किंवा आई-वडिलांच्या गादीवर झोपत असेल, तर खोळ त्या गादीलाही हवी. नाहीतर एका गादीचं दार बंद करून दुसरीचं सताड उघडं ठेवल्यासारखं होतं.

मग खोळ खरंच काम करते का?

याचं उत्तर सरळ ‘हो’ नाही. २००३ मध्ये दमा असलेल्या ११२२ प्रौढांवर झालेल्या चाचणीत नुसत्या खोळीने फरक पडला नाही. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) ५४ चाचण्या एकत्र करून माइट कमी करण्याच्या उपायांची शिफारस करता येत नाही असा निष्कर्ष निघाला. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतल्या सात शहरांत ५ ते ११ वर्षांच्या ९३७ मुलांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खोळ, चांगला व्हॅक्युम, गरजेप्रमाणे प्युरिफायर, झुरळांचा बंदोबस्त असे उपाय एकत्र केले होते. तिथे त्रासाचे दिवस कमी झाले आणि तो फायदा पुढच्या वर्षीही टिकला. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या २८४ मुलांच्या चाचणीत नुसत्या खोळीनेही दम्याच्या झटक्यासाठी तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ कमी मुलांवर आली: वर्षभरात माइटरोधक खोळ असलेल्यांत २९.३ टक्के, तुलनेसाठी साधी खोळ दिलेल्यांत ४१.५ टक्के. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र दोन्ही गटांत सारख्याच लागल्या.

या सगळ्यातून आमचं मत असं: माइटची अॅलर्जी सिद्ध झालेल्या लहान मुलासाठी खोळ घ्यावी, पण एकटी नाही. २०२० च्या अमेरिकी दमा मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. खोळ घ्यायची ती इतर उपायांच्या जोडीनेच.

धुलाई, ऊन आणि फ्रीजर

जोडीतला पहिला उपाय गरम पाणी. ६० अंश सेल्सिअसला माइट मरतात आणि प्रथिनही धुऊन निघतं. ४० अंशाला प्रथिन बरंचसं जातं, पण माइट जिवंत राहतात आणि काही आठवड्यांत पुन्हा वाढतात. यंत्रावर ६० लिहिलंय म्हणजे पाणी तिथवर तापतंच असं नाही. काही यंत्रांच्या ‘इको’ प्रोग्राममध्ये ते कमीच राहतं, म्हणून बिछान्याच्या कपड्यांसाठी साधा कॉटनचा प्रोग्राम लावावा.

जे कपडे गरम पाण्यात टिकत नाहीत, विशेषतः मऊ खेळणी, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उणे १८ अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवावीत. पातळ खेळण्याला एक दिवस पुरतो, जाडजूड अस्वलाला दोन दिवस द्यावेत. फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी असेलच असं नाही. गोठवून माइट मरतात, पण लेंड्या तशाच राहतात. त्यामुळे नंतर साध्या पाण्यात धुवायलाच हवं. हा दुसरा टप्पा हमखास विसरला जातो. आणि बिछान्यात एकच खेळणं ठेवा. बाराजणांना पाळीपाळीने गोठवत बसणं कुणाच्याच्याने होत नाही.

कडक उन्हाचंही तसंच. ऊन माइटना वाळवून मारतं, आणि गादी घराबाहेरच झोडपली तर बराच साठाही झडतो. पण जाड गादीच्या पोटात ऊन पोचत नाही.

आर्द्रतामापक: सगळ्यात लहान, सगळ्यात कामाचं यंत्र

माइट पाणी पीत नाही. हवेतला ओलावा अंगात शोषून जगतो. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकून राहिली तर तो हळूहळू वाळतो, ७० ते ८० टक्क्यांत मजेत वाढतो. खोलीत आकडा किती आहे हे माहीत नसताना आर्द्रता घटवणारं यंत्र आणणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं. म्हणून आधी डिजिटल आर्द्रतामापक घ्या. तो बिछान्याच्या उंचीवर, खिडकी आणि न्हाणीघराच्या दारापासून लांब ठेवा.

स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतो, पण त्याची परीक्षा घरीच करता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला, मिठावर पाणी उभं राहता कामा नये. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत शेजारी ठेवा. आठ-दहा तासांनी मापकाने ७५ दाखवायला हवेत. ८० दाखवले तर पुढे प्रत्येक आकड्यातून पाच वजा करा.

आर्द्रता घटवणाऱ्या यंत्राच्या खोक्यावर ‘दिवसाला इतके लिटर’ असं जे छापलेलं असतं ते बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचं असतं. हवा जसजशी कोरडी होते तसं पाणी कमी निघतं, म्हणून प्रत्यक्षात बरंच कमी धरा. कॉम्प्रेसर नसलेली, हातात मावणारी छोटी यंत्रं दिवसाला काही शे मिलिलिटर पाणी काढतात. ती कपाटासाठी ठीक आहेत, खोलीसाठी नाहीत. मोठं यंत्र खोली तापवतं, आवाज करतं आणि दारं-खिडक्या बंद ठेवल्याशिवाय उपयोगाचं नाही. बाहेरची हवाच महिनोन्‌महिने दमट असेल तर ५० च्या खाली टिकणं कठीण, आणि तिथे आमचा भर खोळ आणि धुलाईवरच राहील. फुकटचा एक उपाय करता येतो. सकाळी बिछाना लगेच आवरू नका. पांघरूण बाजूला सारून तासभर उघडा ठेवला की रात्रीच्या घामाचा ओलावा निघून जातो.

व्हॅक्युम

शक्तीच्या वॉटचा आकडा बघून व्हॅक्युम घेऊ नये. बघायचं ते सील. आतला फिल्टर हेपा, म्हणजे अतिशय बारीक कण अडवणारा, असूनही डब्याचं झाकण आणि नळीचा सांधा गळका असेल, तर बारीक धूळ फिल्टरला वळसा घालून मागून बाहेर येते. अंधाऱ्या खोलीत यंत्र सुरू करून मागच्या झोताच्या आडवा टॉर्च मारा. उजेडात कण नाचताना दिसले तर ते यंत्र या घरासाठी नाही. फिल्टरवर ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपा सारखा’ लिहिलेलं टाळा. ०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के, किंवा एच १३ श्रेणी असं स्पष्ट असावं.

पिशवीचा व्हॅक्युम की डब्याचा? दम्याच्या घरात पिशवीचा. डबा रिकामा करताना जो ढग उठतो तो आठवड्याची मेहनत वाया घालवतो. पिशवीचा खर्च पुन्हापुन्हा पडतो हे खरं, पण ती तोंड बंद करून सरळ टाकता येते. डब्याचाच असेल तर घराबाहेर, मूल जवळ नसताना, मोठी पिशवी डब्याच्या तोंडाला बांधून रिकामा करा.

गादीवर ब्रश हळू फिरवा, एका चौरस मीटरला दोन मिनिटं तरी. जिवंत माइट धाग्यांना धरून राहतात, ते फारसे निघत नाहीत. निघतात ती पापुद्री आणि लेंड्या. यंत्र फिरवल्यावर अर्धा तास मुलाला खोलीत येऊ देऊ नका. अतिनील दिवा लावलेल्या ‘माइट व्हॅक्युम’चं कौतुक आम्हाला पटत नाही. तो उजेड कापडाच्या वरच्या थरापुरता, आणि यंत्र सरकतं राहिल्याने एका जागी क्षणभरच पडतो.

फरशीसाठी कोरडा झाडू आणि पिसांचा झटकणा दोन्ही बंद. ओलसर मायक्रोफायबरचं फडकं वरून खाली फिरवायचं: आधी पंख्याची पाती, मग कपाटाचा माथा, शेवटी लादी. हे फडकं फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलं तर त्याच्या तंतूंवर थर बसतो आणि ते धूळ उचलेनासं होतं. गालिचा काढता येत असेल तर काढाच. त्याच्यासाठी घेतलेला कुठलाही व्हॅक्युम गालिचा नसण्याची बरोबरी करत नाही.

आता प्युरिफायर

यंत्र वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. मांजराचं प्रथिन पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांवरही असतं आणि तासन्‌तास तरंगतं. धूर आणि रस्त्यावरची बारीक धूळही तशीच. तिथे प्युरिफायर आपली किंमत वसूल करतो. माइटची लेंडी मात्र तो खेचून घेण्याआधीच खाली बसते.

घ्यायचाच तर हिशेब करून घ्या. १० बाय १२ फुटांची आणि ९ फूट उंच खोली म्हणजे १०८० घनफूट. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर मिनिटाला ९० घनफूट, म्हणजे तासाला साधारण १५० घनमीटर सीएडीआर (यंत्र किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) लागतो. हा आकडा कमाल वेगाचा असतो, आणि त्या आवाजात मूल झोपत नाही. म्हणून दुप्पट क्षमतेचं घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. आयन सोडणारी आणि ओझोन बनवणारी यंत्रं दम्याच्या घरात नकोतच. ओझोन श्वासनलिकेला स्वतःच डिवचतो. यंत्रात आयनचं बटण असेल तर ते कायम बंद ठेवा.

माइट मारणारे फवारे, सुगंधी ‘धूळमुक्ती’ स्प्रे, वाफेची यंत्रं यांच्यासाठी दोनच ओळी. फवाऱ्यांचा परिणाम थोडा आणि अल्पकाळचा, वासाने मात्र खोकला लगेच. वाफ माइट मारते, पण गादीत ओलावा सोडून जाते, आणि तोच माइटना हवा असतो.

फरक मोजायचा तर खोळ घालण्याआधी दोन आठवडे रात्रीचा खोकला, जाग आलेल्या रात्री आणि झटपट आराम देणाऱ्या इनहेलरचे पफ रोज लिहून ठेवा. मग सगळे बदल एकदम करा आणि तीन महिने नोंद चालू ठेवा. बिछान्यातला साठा कमी व्हायला आठवडे लागतात आणि श्वासनलिकेची सूज उतरायला त्याहून जास्त. या काळात रोजचा प्रतिबंधक इनहेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायचा नाही, वहीतले आकडे कितीही चांगले दिसले तरी. तीन महिन्यांनीही आकडे हलले नाहीत, तर आणखी एक यंत्र आणण्याआधी कपाटामागची ओली भिंत, घरात ओढली जाणारी सिगारेट आणि मुलाची स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) धरण्याची पद्धत तपासा.